काऊन कुठे गेला?

माझ्या आईने माझा गाण्यातला आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली होती. तिला वाटलं, घरात रानडुक्कर शिरलं. मी आरशासमोर उभी होते आणि सराव करत होते. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एवढंच म्हणाली, "हे लग्नाच्या आधी बंद होईन ना वं?"

झालं नाही. लग्नही झालं नाही, तो भाग वेगळा. मी बुलढाण्यात एका शाळेत चौथीला मराठी शिकवते. सकाळची शाळा. साडी नेसते, प्रार्थनेला पोरांच्या रांगा सरळ करते, आणि दिवसभर एकच काम करते. पोरं म्हणतात, "मॅडम, मले पेन्सिल द्या." मी म्हणते, "मला." पोरं म्हणतात, "त्याले मारलं." मी म्हणते, "त्याला." इतक्या वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलंय की भाजीवाली "तुले काय देऊ" म्हणाली तरी माझ्या तोंडून "तुला" निघून जातं. ती मग जुडी लहान देते.

आणि दुपारी मी एका मेटलकोर बँडची गायिका असते. मेटलकोर म्हणजे काय, हे मी या गावात इतक्या लोकांना समजावून सांगितलंय की आता ते पाठच झालंय. गिटार आणि ड्रम जोरात, गाणं घशातून गुरगुरून, आणि मध्ये एक जागा अशी येते की सगळं एकदम थांबतं. श्वासापुरतं. मग सगळी वाद्यं मिळून सावकाश, जड, उखळात मुसळ पडावं तशी येतात. त्याला ब्रेकडाउन म्हणतात. ऐकणारा त्याच जागेची वाट बघत असतो. बाकी गाणं म्हणजे तिथपर्यंत पोचायचा रस्ता.

बँडमध्ये आम्ही चौघं. गिटारवाला पिंपळगाव राजाचा, घरची शेती करतो. कपाशीच्या दिवसांत तो सरावाला आला की गिटारच्या पिशवीतून कापूस निघतो. बास गिटार वाजवणारा बासवाला, त्याचं बुलढाण्यात कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे. तो कमी बोलतो, कारण दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करून त्याचं पोट भरतं. आणि ड्रमर धामणगाव बढेचा. त्याच्या अब्बांचा पत्र्याचा कारखाना आहे, म्हणजे एक लांबट शेड. तिथे पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनतात. पत्र्यावर हातोडी मारता मारताच तो ड्रम शिकला. त्याच्या अब्बांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. चाचांच्या मते मुलगा पत्रा चांगला ठोकतो आणि ढोल वाईट.

शुक्रवारी कारखाना बंद असायचा. आमचा पहिला अल्बम आम्ही तिथेच केला, ओळीने शुक्रवारच्या दुपारी. शाळा सुटली की मी एसटीने राजूर घाट उतरायचे आणि धामणगावला पोचायचे. स्टुडिओ कुठला आलाय! एक लॅपटॉप, उसना माइक आणि पत्र्याची शेड. माझा आवाज कसा घ्यायचा यावर पुष्कळ डोकं खाजवल्यावर ड्रमरने मला एका रिकाम्या कोठीपाशी नेलं आणि म्हणाला, "घाल डोकं." मी आडव्या पाडलेल्या कोठीत डोकं घातलं आणि गुरगुरले. आवाज आतल्या आत गोल फिरला आणि दुप्पट होऊन माझ्याच कानावर आदळला. मला इतका आनंद झाला की मी आतच हसत सुटले. ते हसूही रेकॉर्ड झालं.

त्यातल्या एका गाण्यात आम्ही ब्रेकडाउनच्या आधी थांबलो होतो. चाचा नमाजानंतर परस्पर बहिणीकडे जाणार होते, ते गेलेच नाहीत. शेडमध्ये आले तर विकलेल्या कोठीत एका बाईचं डोकं, आणि बाहेर फक्त साडी आणि चपला दिसतायत. ते दारातूनच मुलावर ओरडले, "काऊन बे!"

ड्रमरचे हात आपोआप ड्रमवर पडले. गिटारवालाही त्याच क्षणी सुरू झाला. ब्रेकडाउन असा पडला की वरचे पत्रे थरथरले. मग चाचांनी जे काही सुनावलं ते आम्ही कापलं, पण "काऊन बे" ठेवलं.

आणि तेच चाललं. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला वाटतं, 'काऊन' म्हणजे 'का'. एवढंच असतं तर काय हवं होतं. आमच्याकडे काऊन हा प्रश्न कमी आणि उत्तर जास्त. "रागावला काय बे?" असं विचारलं आणि समोरचा "काऊन?" म्हणाला, तर तो रागावलेला नाही. बाप "काऊन बे" म्हणाला तर पळायची वेळ झाली. मैत्रीण "काऊन वं" म्हणाली तर बसायला जागा करून दिली. बे गड्यासाठी, वं बाईसाठी. गाण्यातून ते जिल्हाभर पसरलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही त्या जागेवर थांबलो की सगळं मैदान एका आवाजात ओरडायचं, "काऊन बे!" बसस्टँडवर चहावाला आम्हाला काऊनवाले म्हणायला लागला. मी शाळेत त्याच्याकडून चहा मागवणं बंद केलं.

मग आम्हाला शिंगं फुटली. दुसरा अल्बम पुण्यात करायचा ठरला. खरा स्टुडिओ, जाड दारं, भिंतीला फोम. तिथला रेकॉर्डिंग करणारा मुलगा फार सज्जन, आम्हाला दर तासाला कॉफी विचारायचा. त्या सज्जनपणानेच आमचा घात केला. एवढ्या गोड माणसासमोर "मले" म्हणायची आमची कुणाची छाती झाली नाही. मी एका दुपारी बसून सगळ्या गाण्यांचं शुद्धलेखन करून टाकलं. गिटारवालाही तिथे "मला वाटतं" म्हणायला लागला. त्याच्या तोंडी ते ऐकून मला कसंतरीच झालं, पण मी त्याला शाबासकी दिली.

काऊन मात्र ठेवला होता. या वेळी तो मी म्हणणार होते, दर ब्रेकडाउनच्या आधी, पोटातून. म्हटलाही. अल्बम तयार होऊन आला तो आम्ही धामणगावच्या शेडमध्ये ऐकायला बसलो. पहिलं गाणं थांबलं, आणि सरळ ब्रेकडाउन सुरू झाला. ड्रमरने मान वर केली.

"काऊन कुठे गेला?"

दुसऱ्या गाण्यातही नव्हता. कुठेच नव्हता. पुण्याला फोन लावला. तो मुलगा तितकाच गोड होता. म्हणाला, "ते तुमचं काउंट होतं ना? ड्रमरला इशारा देता ते? काउंट आपण फायनलमध्ये ठेवत नाही. सगळीकडून नीट साफ केलंय मी, काळजी करू नका."

त्याने काऊनचा काउंट ऐकला होता! आणि आमच्यातलं कुणीही "अरे बाबा, तो आमचा शब्द आहे" असं म्हणालं नाही. फोन स्पीकरवर होता. चौघंही मान डोलवत म्हणालो, "हो हो, काउंटच होता. बरं केलं." हे फक्त आमच्याच लोकांना जमतं. घर लुटणाऱ्याला आम्ही पाणी विचारू.

तो अल्बम लोकांनी ऐकला आणि सोडून दिला. पुण्यातल्यांना आम्ही पुण्याचेच वाटलो, आणि तिथे तसे बँड खंडीभर आहेत. इकडे बुलढाण्यात वाजवलं तेव्हा लोक ब्रेकडाउनच्या जागेवर वाट बघत राहिले. आम्ही अल्बमप्रमाणे वाजवून मोकळे झालो. मागून एक जण ओरडला, "काऊनले पुण्यातच ठेवून आले काय बे?" लोक हसले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ड्रमर मला धामणगावच्या बसस्टँडवर सोडायला आला होता. गाडीची वाट बघता बघता म्हणाला, "मॅडम, मी आता कारखानाच पाहतो. अब्बाचा खांदा दुखते. ड्रम देऊन टाकतो. चिखलीचा एक ऑर्केस्ट्रावाला मागून राह्यला." तो मला चिडवायला मॅडम म्हणतो, पण तेव्हा चिडवत नव्हता.

"खांद्यासाठी?" मी विचारलं.

"खांदा तं हायेच. पण मजा गेली ना वं. म्या पुण्यात वाजवलं ते मलेच ओळखू येत नाही."

एसटी आली. मी घाटभर खिडकीकडे तोंड करून रडले. तो गेला तर बँड गेला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि बँड गेला तर मी फक्त मॅडम उरणार होते, सकाळपासून झोपेपर्यंत. मला ते नको होतं. मला कोठीत डोकं घालून ओरडायचं होतं. त्या आठवड्यात मी त्याला रोज फोन केला, भांडले, शिव्या दिल्या. शेवटी तो कबूल झाला. एक अल्बम अजून, शेडमध्ये, आपल्या बोलीत. जमला तर बघू. नाही जमला तर चिखलीवाला येऊन ड्रम घेऊन जाईल.

पुन्हा शुक्रवार सुरू झाले. मी पुण्यात शुद्ध केलेली गाणी परत मूळ बोलीत आणली. ते सोपं नव्हतं. माझा हातच "ला" लिहायचा, मग मी त्याला "ले" करायचे. स्वतःचीच वही उलट्या बाजूने तपासल्यासारखं. गिटारवाला गाईला हाकारताना त्याचे वडील जो आवाज काढतात तो एका गाण्यात घेऊन आला. बासवाल्याने पहिल्यांदाच एक ओळ सुचवली आणि दिवसभर लाजत राहिला. गाणी चांगली होत होती. मला ते कळत होतं. ड्रमर मात्र वाजवायचा, घाम पुसायचा, कातर उचलून उरलेलं काम करायचा.

प्रश्न काऊनचा होता. या वेळी तो खुद्द चाचांकडूनच घ्यायचा असं ठरलं. चाचा तयार झाले. नुसते तयार नाही, दाढी कोरून, अत्तर लावून, इस्त्रीचा कुर्ता घालून आले. माइकसमोर उभे राहिले. घसा खाकरला. आम्ही श्वास रोखले.

"का बरं, बाळांनो?" चाचा म्हणाले.

ड्रमरने कपाळावर हात मारला. "अब्बा, काऊन बे म्हणा ना."

"तेच तं म्हटलं."

पुन्हा माइक सुरू केला. चाचा आणखी गोड झाले. "का रे, मुला?" जन्मात त्यांनी मुलाला मुला म्हटलं नव्हतं. तिसऱ्या वेळी "क्यों भाई" झालं. चौथ्या वेळी शब्द बरोबर आला, पण असा हळुवार की अंगाई वाटावी. आम्ही हसून हसून जमिनीवर बसलो, आणि मला आतून वाईट वाटत होतं. पुण्यात आम्हीही हेच केलं होतं. माइक दिसला की आमचा माणूस धुतलेला सदरा घालतो.

मग त्यांना राग आणायचे प्रयत्न झाले. गिटारवाल्याने नवी पेटी मुद्दाम पाडली. चाचा म्हणाले, "पडू दे, पोराच्या पायाले तं नाही लागली ना?" अल्बमसाठी आले होते ना, मोठ्या मनाचे झाले होते. पुढच्या शुक्रवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. ड्रमर एकदा म्हणाला, "राहू दे, जुनाच आवाज कापून लावू." मी नाही म्हणाले. जुनाच लावायचा तर नवा अल्बम कशाला? पण माझ्याकडेही दुसरा उपाय नव्हता, आणि ड्रमरचं लक्ष शेडमधून उडत चाललंय हे मला दिसत होतं.

एका शुक्रवारी मी शाळेतून आले तीच वैतागून. निरीक्षणासाठी साहेब येऊन गेले होते, पोरांनी त्यांच्यासमोर "मले येते, मले येते" चा गजर केला होता, आणि मी सकाळभर "मला, मला" करून दमले होते. आम्ही गाणं वाजवायला घेतलं. मी कोठीत डोकं घालून, गुडघ्यावर, माइक सुरू. गाणं ब्रेकडाउनच्या आधी थांबलं. तिथे काऊन नव्हताच, नुसती मोकळी जागा ठेवून पुढे जायचं असं ठरलं होतं. तेवढ्यात चाचा आत आले. त्या दिवशी अत्तर नव्हतं. त्यांनी मुलाला सांगितलं, "ती कोठी आज द्याची हाये, गिऱ्हाईक दारात उभं हाये, मले टाइम नाही."

आणि माझ्या तोंडून, कोठीतल्या कोठीत, गुरगुरण्याच्याच आवाजात निघून गेलं, "मला."

शपथ सांगते, मी ठरवून केलं नाही. हे माझ्या जिभेचं दुखणं आहे.

चाचा गर्रकन वळले. "काऊन वं!"

ते "काऊन" कोठीवर आपटलं, शेडवर आपटलं, माझ्या छातीवर आपटलं. आणि ड्रमर सुरू झाला. त्याने डोळे मिटले होते. दोन्ही पाय, दोन्ही हात एकदम. गिटारवाला मागोमाग, बासवाला मागोमाग. मी डोकं बाहेर काढलं आणि चाचांच्या तोंडावरच गायले. चाचा मध्येच उभे, त्यांचं बोलणं सुरूच होतं, "म्या मले म्हटलं तं तुले ऐकू येत नाही काय? आमच्या बापानं मले म्हटलं, त्याच्या बापानं मले म्हटलं," आणि तेही सगळं गाण्यात गेलं. एक शब्द कापला नाही आम्ही. गाणं संपलं तेव्हा दारातलं गिऱ्हाईक कानात बोटं घालून हसत होतं, आणि ड्रमर काड्या मांडीवर ठेवून चाचांकडे बघत होता. तो म्हणाला, "अब्बा, लय भारी." चाचा म्हणाले, "ते पाह्यता येते मंग. कोठी उचला."

अल्बम आला. फोनवरून फोनवर, स्टँडवरून स्टँडवर गेला. एकदा मी शाळेच्या फाटकातून आत येत होते आणि रिक्षावाल्याने ब्रेक दाबत रस्त्यावरच्या म्हशीला विचारलं, "काऊन वं!" अगदी चाचांच्या चालीत. मला उचकी लागेपर्यंत हसू आलं.

मग बुलढाण्यात कार्यक्रम ठरला, एका सभागृहात, संध्याकाळच्या आत. हॉल भरला. पिंपळगावचे लोक टेम्पो करून आले होते. कोर्टातले दोन वकील आले होते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया आल्या होत्या, आणि मला बघून त्यांनी आधी पदर सावरला, मग टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत चाचा बसले होते, इस्त्रीच्या कुर्त्यात, आणि शेजारी माझी आई. चिखलीचा ऑर्केस्ट्रावालाही आला होता, एका कडेला, ड्रमवर नजर ठेवून. गिटारवाल्याने मला तो दाखवला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

चाचांनी तो अल्बम ऐकलाच नव्हता. "माया घरचं भांडण म्या कायले ऐकू," म्हणाले होते. त्यामुळे त्या गाण्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांचा आवाज लॅपटॉपवर तयार ठेवला होता; त्या जागेवर बासवाल्याने बटण दाबायचं. गाणं सुरू झालं. हॉलमधली माणसं खुर्च्यांवरून उठली. मी गाता गाता बघितलं, त्यांच्या तोंडी आमचे "मले" आणि "तुले" होते, जसेच्या तसे. माझे डोळे भरून आले आणि घसा मात्र मोकळा होत गेला.

गाणं थांबलं. बासवाल्याचं बोट बटणावर. आणि सगळा हॉल माझ्याकडे बघून गरजला, "काऊन वं!"

चाचांना वाटलं, लोक पोरीची टर उडवतायत. ते ताडकन उठले. हॉलकडे तोंड केलं, हात वर केला आणि भिंती हलतील अशा आवाजात म्हणाले, "काऊन बे!"

अख्खा हॉल गप्प. वकील गप्प, टेम्पोवाले गप्प. बासवाल्याने बटण दाबलंच नाही. मी मागे वळून ड्रमरकडे बघितलं. तो हसत होता. पुण्यापासून मी त्याचं ते हसू बघितलं नव्हतं. त्याने काड्या वर उचलल्या, बापाचा आवाज विरेपर्यंत थांबला आणि ड्रमवर तुटून पडला. जे काही पडलं त्याला ब्रेकडाउन म्हणणं म्हणजे पुराला पाणी म्हणणं. माणसं नाचत होती, माझी आई उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि चाचा कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे रागाने बघत होते. लोकांनी त्यांना उचललं तेव्हा कुठे त्यांना कळलं की हे कौतुक आहे. उचलल्यावरही ते खालच्यांना म्हणत होते, "हळू बे, खांदा दुखते."

कार्यक्रम संपला. माणसं पांगली. चिखलीवाला मंचावर आला, त्याने एक झांज बोटाने वाजवून पाहिली, ड्रमरशी दोन शब्द बोलला आणि खाली उतरला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मी पाण्याची बाटली घेऊन ड्रमजवळ गेले. विचारायचं धाडस होत नव्हतं. इतक्या गदारोळात ओरडलेली मी, माझा आवाज शाळेतल्या पोरीसारखा निघाला.

"मग, ड्रम विकून राह्यला काय?"

तो झांज पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "काऊन?"